रेषेचा चढ आणि लंबरेषा
(इयत्ता सातवी व आठवीच्या शिक्षकांसाठी पाठ-टिपण)

१. प्रास्ताविक

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव ज्या गोष्टीसाठी दूरवर प्रसिद्ध आहे, तिचा भूमितीच्या पाठाशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. घराला चौकट असावी, परंतु तिला बिजागरीवर फिरणारे दार व कडी-कोयंडा नसावा, ही त्या गावाची जुनी परंपरा आहे. २०११ साली तेथे उघडलेल्या युको बँकेच्या शाखेनेही कुलूप न लावण्याची ही रीत मानली, तेव्हा ती गोष्ट सर्वत्र चर्चेचा विषय झाली होती.

आता हीच गोष्ट सुताराच्या दृष्टीने पाहावी. ज्या चौकटीत दार बसवावयाचे असते, ती काटकोनात नसल्यास दारच तिचे दोष सांगते. ते खाली उंबरठ्याला घासते, वर एका कोपऱ्यात फट राहते आणि लोटले तरी पुरते मिटत नाही. जेथे दारच बसवावयाचे नाही, तेथे दोष सांगणारे कोणी उरत नाही. डोळ्यांना चौकट सरळच वाटते. अशा ठिकाणी चौकट काटकोनात आहे की नाही हे मोजूनच ठरवावे लागते.

वर्गातील स्थितीही याहून निराळी नाही. फळ्यावर दोन रेषा काढून ‘या परस्परांस लंब आहेत काय?’ असे विचारले, म्हणजे मुले मान तिरकी करून पाहतात आणि ‘दिसतात’ असे उत्तर देतात. लंब दिसणे आणि लंब असणे यांतील अंतर मुलांच्या ध्यानी आणून देणे आणि ते पारखण्याचे एक साधन त्यांच्या हाती देणे, हा या पाठाचा हेतू आहे. ते साधन म्हणजे रेषेचा चढ होय.

निर्देशक भूमितीचा रीतसर अभ्यास माध्यमिक शाळेत होतो. तेथे ‘दोन लंबरेषांच्या चढांचा गुणाकार उणे एक असतो’ हे सूत्र मुलांसमोर येते. सूत्र पाठ होते. पण ते उणे एकच का, हा प्रश्न बहुधा तसाच राहून जातो. त्याचे बीज प्राथमिक शाळेत, चौकडीच्या कागदावर, सूत्राचे नावही न घेता पेरता येते.

२. पूर्वज्ञान व साहित्य

विद्यार्थ्यांस काटकोन, काटकोन त्रिकोण, अपूर्णांक आणि ऋण संख्या यांची ओळख असावी. चौकडीच्या कागदावर बिंदू दाखविण्याची रीत पाठाच्या आरंभी सांगावी: आरंभबिंदूपासून प्रथम उजवीकडे जावयाचे घर, मग वर जावयाचे घर. (३, २) म्हणजे तीन घरे उजवीकडे व दोन घरे वर.

साहित्य म्हणून चौकडीची वही, जाड पुठ्ठा, कात्री, टाचणी, बारा मीटर दोरी, चार खुंट्या आणि थोडी फक्की एवढे पुरे. गुण्या जवळ असावा. परंतु तो अखेरीस पडताळ्यासाठीच बाहेर काढावा.

३. चढ म्हणजे काय?

‘चढ’ हा शब्द मुलांना शिकवावा लागत नाही. बैलगाडी चढाला लागली म्हणजे काय होते हे त्यांना ठाऊक असते. शिकवावयाचे आहे ते चढाचे माप. एका वाटेने आडवे ४ मीटर गेल्यावर उंची १ मीटर वाढली, तर तिचा चढ १/४. दुसऱ्या वाटेने तितकेच आडवे गेल्यावर उंची २ मीटर वाढली, तर तिचा चढ २/४, म्हणजे १/२. दुसरी वाट दमवणारी आहे हे संख्याच सांगते. म्हणून:

चढ = उभे अंतर ÷ आडवे अंतर

कागदावर डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर जात असेल तर चढ धन आणि खाली जात असेल तर चढ ऋण मानतात. ऋण चढ म्हणजेच व्यवहारातील उतार.

दोन बिंदू दिले असता चढ काढणे वजाबाकीचे काम आहे. अ (१, १) व ब (५, ३) हे बिंदू घ्यावेत. अ पासून ब कडे जाताना आडवे ५ − १ = ४ आणि उभे ३ − १ = २. चढ २/४ = १/२. ब पासून अ कडे निघाल्यास आडवे −४ व उभे −२. चढ पुन्हा १/२. वाट कोणत्याही टोकाकडून चालली तरी तिचा चढ एकच, हे मुलांना येथेच पटवून द्यावे.

या ठिकाणी तीन चुका नेहमी होतात. पहिली, आडव्या अंतराऐवजी तिरक्या रेषेचीच लांबी मोजणे. दुसरी, आडव्यास उभ्याने भागणे. तिसरी, एका वजाबाकीत ‘ब मधून अ’ व दुसरीत ‘अ मधून ब’ असा क्रम बदलणे. त्यामुळे चिन्ह उलटते आणि चढाचा उतार होतो. प्रत्येक चूक फळ्यावर मुद्दाम करून दाखवावी व मुलांकडून पकडवावी.

४. पुठ्ठ्याचा पाव फेरा

आता मुख्य प्रयोग. पुठ्ठ्याचा एक काटकोन त्रिकोण कापावा. त्याच्या काटकोनालगतच्या बाजू चौकडीच्या ४ घरे व २ घरे एवढ्या असाव्यात. त्रिकोण कागदावर असा ठेवावा की ४ घरांची बाजू आडवी व २ घरांची बाजू उभी राहील आणि कर्ण डावीकडून उजवीकडे वर चढत जाईल. कर्णाच्या खालच्या टोकावर टाचणी रोवावी. कर्णाच्या कडेने रेघ ओढावी. या रेघेचा चढ २/४, म्हणजे १/२.

नंतर टाचणी न काढता त्रिकोण घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने बरोबर पाव फेरा फिरवावा. जी बाजू आडवी होती ती आता उभी झाली: ४ घरे वर. जी उभी होती ती आडवी झाली. परंतु ती उजवीकडे न जाता डावीकडे गेली: २ घरे डावीकडे, म्हणजे −२. कर्णाच्या कडेने पुन्हा रेघ ओढावी. तिचा चढ ४ ÷ (−२) = −२.

त्रिकोण पाव फेरा फिरला, म्हणून त्याचा कर्णही पाव फेरा फिरला. पाव फेरा म्हणजे काटकोन. अर्थात या दोन रेघा परस्परांस लंब आहेत. त्यांचे चढ १/२ व −२; गुणाकार −१.

मुलांनी याचप्रमाणे ३ व १, ५ व २, ४ व ३ अशा बाजूंचे त्रिकोण कापून प्रयोग करावा आणि पुढीलप्रमाणे तक्ता भरावा.

पहिला चढ १/३, फिरवल्यावर −३, गुणाकार −१.
पहिला चढ २/५, फिरवल्यावर −५/२, गुणाकार −१.
पहिला चढ ३/४, फिरवल्यावर −४/३, गुणाकार −१.

तक्ता भरून झाल्यावर नियम शिक्षकाने सांगू नये. तो मुलांकडून यावा. पाव फेऱ्यात दोन गोष्टी घडतात. आडवे व उभे यांची अदलाबदल होते, म्हणून अपूर्णांक उलटतो. दोहोंपैकी एकाची दिशा पालटते, म्हणून चिन्ह बदलते. उलटा अपूर्णांक मुळाशी गुणला की १ येतो आणि बदललेल्या चिन्हामुळे तो −१ होतो. नियमाचे सारे रहस्य एवढेच आहे. ज्या मुलाने पुठ्ठा स्वतःच्या हाताने फिरविला, त्याला हे सूत्र विसरले तरी पुन्हा उभे करता येईल.

५. नुसते उलटणे पुरत नाही

अनेक विद्यार्थी नियमाची दोन अंगे निरनिराळी करतात. कोणी फक्त अपूर्णांक उलटतो व १/२ ला २ ही लंब ठरवितो. कोणी फक्त चिन्ह बदलतो व १/२ ला −१/२ ही लंब ठरवितो. दोन्ही रेषा काढून पाहाव्यात. चढ १/२ व २ यांच्या रेषा दोन्ही उजवीकडे वरच जातात. त्यांच्यातील कोन सुमारे ३७ अंश भरतो. चढ १/२ व −१/२ यांच्या रेषांमधील लघुकोन सुमारे ५३ अंश भरतो. कोठेही काटकोन नाही. उलटणे आणि चिन्ह बदलणे ही दोन्ही एकाच वेळी झाली तरच रेषा लंब होते.

नियम उलट बाजूनेही खरा आहे काय, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील: गुणाकार −१ आला म्हणजे रेषा नक्की लंबच असतात काय? त्याला कर्णाच्या वर्गाचा आधार द्यावा. आरंभबिंदूतून १/२ व −२ चढांच्या रेषा काढाव्यात आणि दोहींवर १ घर उजवीकडे असलेले बिंदू घ्यावेत. ते बिंदू (१, १/२) व (१, −२). आरंभबिंदूपासून त्यांच्या अंतरांचे वर्ग १ + १/४ = ५/४ आणि १ + ४ = ५; बेरीज २५/४. त्या दोन बिंदूंमधील अंतर २ १/२, त्याचा वर्गही २५/४. दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाइतकी आहे, म्हणून त्या दोन बाजूंमधील कोन काटकोन आहे.

शिक्षकांच्या माहितीसाठी हेच सर्वसाधारण रूपात असे मांडता येते. चढ च आणि छ मानल्यास अट अशी: (१ + च²) + (१ + छ²) = (च − छ)². उजवी बाजू विस्तारून दोहींकडील समान पदे काढली की २ = −२ × च × छ, म्हणजेच च × छ = −१ उरते. या पायऱ्या उलट क्रमानेही चढता येतात. म्हणून नियम दोन्ही बाजूंनी खरा आहे.

६. उदाहरण पहिले: घराचा पाया

पुढील उदाहरणांतील आकडे पाठाच्या सोयीसाठी घेतले आहेत. एका घराच्या पायाची आखणी करताना गवंड्याने चार खुंट्या ठोकल्या. कागदावर एक घर म्हणजे एक मीटर धरल्यास त्यांची स्थाने अशी: अ (३, २), ब (९, ५), क (८, ९), ड (१, ६). पाया काटकोनी आहे काय? नसल्यास कोणती एक खुंटी हलविली म्हणजे काम सुधारेल?

अब चा चढ ३/६ = १/२. बक चा चढ ४ ÷ (−१) = −४. कड चा चढ −३ ÷ −७ = ३/७. डअ चा चढ −४ ÷ २ = −२.

आता कोपरे पाहावेत. अ येथे १/२ × −२ = −१; हा कोपरा शुद्ध आहे. ब येथे १/२ × −४ = −२; काटकोन नाही. क येथे −४ × ३/७ = −१२/७; काटकोन नाही. ड येथे ३/७ × −२ = −६/७; काटकोन नाही.

तीन कोपरे बिघडलेले दिसले, तरी दोष तीन खुंट्यांचा आहे असे नाही. अ चा कोपरा ड, अ, ब या तीन खुंट्यांनी बनतो आणि तो शुद्ध आहे. म्हणून त्या तिघींना हात न लावता चौथी, म्हणजे क, हलवावी. ती कोठे न्यावी? अ पासून ड कडे जाताना २ घरे डावीकडे व ४ घरे वर जावे लागते. ब पासूनही तितकेच जावे: (९ − २, ५ + ४) = (७, ९). क ची योग्य जागा (७, ९). खुंटी एक मीटर डावीकडे सरकावयास हवी होती. आता बक चा चढ −२ व कड चा चढ १/२ येतो आणि चारही कोपरे जुळतात.

गवंडी हाच पडताळा दोरीने घेतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या झाल्यावर तो दोन्ही कर्ण मोजतो; ते सारखे आले की पाया काटकोनात. क योग्य जागी असता अक कर्णाचा वर्ग ४² + ७² = ६५ आणि बड कर्णाचा वर्ग ८² + १² = ६५; दोन्ही कर्ण सुमारे ८.०६ मीटर. क चुकीच्या जागी असता अक चा वर्ग ५² + ७² = ७४, म्हणजे सुमारे ८.६० मीटर. अर्ध्या मीटरहून अधिक फरक दोरी लगेच दाखवील. चढाची रीत व गवंड्याची रीत एकाच निर्णयास पोचतात, हे पाहून मुलांचा दोहोंवरील विश्वास वाढतो.

७. उदाहरण दुसरे: जवळची वाट

मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी नेवासे तालुक्यात येते. चारी, पाट, शेततळे हे शब्द तेथील मुलांच्या घरचे आहेत. एक सरळ चारी (०, १) व (८, ५) या बिंदूंतून जाते. शेततळे प (३, १०) येथे आहे. एक घर म्हणजे १० मीटर. चारीपासून शेततळ्यापर्यंत कमीत कमी लांबीची नळी टाकावयाची, तर ती चारीला कोठे जोडावी?

बिंदूपासून रेषेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर म्हणजे लंबाची लांबी, हे मुलांस माहीत असते. चारीचा चढ ४/८ = १/२; म्हणून नळीचा चढ −२ हवा. यासाठी समीकरणाची गरज नाही. प पासून १ घर उजवीकडे व २ घरे खाली अशी पावले टाकीत जावे: (४, ८), (५, ६), (६, ४). चारीवर आरंभीच्या (०, १) पासून ६ घरे उजवीकडे गेले असता ३ घरे वर जावे लागते. म्हणजे (६, ४) हा बिंदू चारीवरच आहे. नळी तेथे जोडावी.

लांबी पाहावी: आडवे ३ व उभे ६, वर्गांची बेरीज ४५, वर्गमूळ सुमारे ६.७, म्हणजे सुमारे ६७ मीटर. कागदावर प पासून थेट खाली नळी टाकली असती तर ती चारीला (३, २ १/२) येथे मिळाली असती आणि ७५ मीटर लागली असती. कागदावर ‘सरळ खाली’ दिसणारी वाट जवळची असतेच असे नाही. हिशोब न केल्यास आठ मीटर नळीचे पैसे वाया जातात.

८. उदाहरण तिसरे: बांध कोणत्या दिशेने घालावा?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या मोठ्या भागात पाऊस कमी व अनिश्चित असतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ पासून आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतरच्या दशकात जलसंधारणाची जी कामे झाली, त्यांत डोंगरउतारावरील समपातळी चर व शेतातील बांधबंदिस्ती यांना महत्त्वाचे स्थान होते. समपातळी चर म्हणजे एकाच उंचीवरील ठिकाणे जोडीत खणलेला चर. या कामांच्या मुळाशी लंबरेषाच आहे.

उतारावर पाणी कोणत्या दिशेने धावते? एकाच उंचीच्या रेषेवरून चालत गेल्यास उंची मुळीच बदलत नाही. त्या रेषेपासून थोड्या खालच्या उंचीच्या शेजारच्या रेषेकडे जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे लंब. दुसऱ्या उदाहरणात तेच सिद्ध झाले. कमीत कमी अंतरात जास्तीत जास्त उतार त्याच मार्गावर मिळतो, म्हणून पाणी समपातळी रेषेला लंब दिशेने धावते. तास त्याच दिशेने ओढले तर प्रत्येक तास पाण्याचा पाट बनतो आणि वरची माती घेऊन जातो. काही पावसाळ्यांनी शेतात ओघळी पडतात. उताराला आडवी नांगरट व आडवी पेरणी केली म्हणजे प्रत्येक तास एक लहानसा बांध होतो आणि पाणी मुरण्यास अवधी मिळतो. ‘आडवी’ याचा भूमितीतील अर्थ लंब, असा आहे.

पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने एका शेतात एकाच उंचीची दोन ठिकाणे ठरविली. नकाशावर ती (२, १) व (८, ४) अशी आली. त्यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ ३/६ = १/२. बांध याच दिशेने घालावा. पाण्याची दिशा या रेषेला लंब, म्हणजे नकाशावर −२ चढाची.

येथे दोन सूचना अत्यावश्यक आहेत. नकाशावरील रेषेचा चढ आणि जमिनीचा चढ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नकाशावर १/२ चढ असलेली बांधाची रेषा जमिनीवर अगदी सपाट असते; कारण ती समपातळीची रेषा आहे. शिवाय, पाणी लंब रेषेच्या कोणत्या टोकाकडे जाईल हे नकाशावरील चढ सांगत नाही. कोणती बाजू सखल आहे ते शेतात उभे राहूनच पाहावे लागते. समपातळी रेषा बहुधा वाकड्या असतात. म्हणून मोठ्या शेतात थोड्या थोड्या अंतरावर नवी मापे घेऊन हेच काम पुन्हा करावे.

९. जेथे नियम बोलत नाही

आता पाठाच्या आरंभीच्या चौकटीकडे वळावे. उंबरठा सपाट आहे. त्याचा चढ ०. चौकटीची बाजू उभी आहे. तिच्यावर आडवे अंतर ० आणि शून्याने भागता येत नाही. तिला चढच नाही. मग गुणाकार कशाचा करावा? शनिशिंगणापूरला उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली पुरुषभर उंचीची काळी शिळा सर्वांनी पाहिलेली असते. चौथरा आडवा व शिळा उभी. नित्य परिचयातील काटकोन तो हाच. भिंत व जमीन, खांब व फरशी, विहिरीचा रहाट व लोंबता दोर या सर्वांचा काटकोनही हाच. आणि नेमक्या याच काटकोनाविषयी नियम काही बोलत नाही.

काही ठिकाणी उभ्या रेषेचा चढ ‘अनंत’ असे सांगून वेळ मारून नेली जाते. तसे करू नये. मग शून्य व अनंत यांचा गुणाकार −१ असे म्हणावे लागेल आणि त्यास अर्थ नाही. मुलांना सरळ सांगावे: दोन्ही रेषांना चढ असेल आणि त्यांपैकी एकही आडवी नसेल, तेव्हाच हा नियम लावावा. एक रेषा आडवी व दुसरी उभी असेल तर त्या लंब आहेतच. तेथे गुणाकाराची गरजच नाही. म्हणूनच सुतार व गवंडी चौकटीच्या बाजूला ओळंबा आणि उंबरठ्याला पाणसळ लावतात. ओळंबा उभेपणा सांगतो, पाणसळ आडवेपणा सांगते. दोन्ही खरी ठरली की काटकोन आपोआप ठरतो.

हे अधिक स्पष्ट करण्यासाठी कागदावर चौकट थोडी कलती काढावी. उंबरठ्याचा चढ १/१० केल्यास बाजूचा चढ −१० होतो. १/१०० केल्यास −१००. उंबरठा जसजसा सपाट होतो तसतसा बाजूच्या चढाचा आकडा वाढत जातो, परंतु गुणाकार −१ च राहतो. चौकट अगदी सरळ झाली की मात्र बाजूचा चढ सांगता येत नाही. काटकोन नाहीसा झालेला नसतो. फक्त तो सांगण्याचे हे एक साधन तेथे थांबते. कोणत्याही साधनाची मर्यादा ओळखणे हे ते साधन वापरण्याइतकेच महत्त्वाचे शिक्षण आहे.

आणखी एक सावधगिरी. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण घ्यावे. आडव्या अक्षावर एक घर म्हणजे एक मीटर आणि उभ्या अक्षावर एक घर म्हणजे पाच मीटर असे घेतल्यास गुणाकार −१ असलेल्या तिरक्या रेषाही कागदावर लंब दिसणार नाहीत आणि मुलांचा नियमावरील विश्वास विनाकारण डळमळेल.

१०. दोरीपासून आलेखापर्यंत

काटकोन आखण्याची गरज फार जुनी आहे. यज्ञवेदीची आखणी सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णावरील चौरसाचा नियम आला आहे आणि ३ व ४, १२ व ५, १५ व ८, ७ व २४ अशा बाजूंच्या जोड्याही दिल्या आहेत. खेड्यातील गवंडी आजही तीन, चार व पाच मापांच्या दोरीने कोपरा साधतो. पुढे १६३७ मध्ये फ्रान्समधील रने देकार्त याच्या भूमितीवरील ग्रंथाने भूमितीचे प्रश्न बीजगणिताच्या भाषेत मांडण्याचा मार्ग रूढ केला आणि रेषांचा विचार संख्यांनी होऊ लागला. या पाठातील चढाची रीत त्याच मार्गावरची आहे. दोरी व संख्या या दोन्ही वाटा मुलांना दाखवाव्यात.

यासाठी शाळेच्या पटांगणात पुढील उपक्रम घ्यावा. दोरीवर एकेक मीटरवर खुणा करून बारा मीटरचा फास करावा. तीन मुलांनी तो ३, ४ व ५ मीटरच्या बाजूंत ताणून धरावा आणि कोपऱ्यांवर फक्की टाकावी. नंतर पटांगणाच्या एका कडेपासून तिन्ही बिंदूंची आडवी व उभी अंतरे मोजून ती चौकडीच्या कागदावर मांडावीत आणि चढांचा गुणाकार काढावा. तो नेमका −१ येणार नाही, −०.९६ किंवा −१.०३ असे काही येईल. ही चूक लपवू नये. दोरीचा ताण, खुणेची जाडी, मापाची घाई यांपैकी ती कशातून आली याचा शोध मुलांकडून घेववावा. गुण्या अखेरीस काढून कोपऱ्याला लावावा.

११. स्वाध्याय

(१) (०, ०) व (६, ४) यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ काढा. तिला लंब असलेल्या रेषेचा चढ किती?
(२) अ (१, १), ब (४, ३), क (२, ६) हा त्रिकोण काटकोन त्रिकोण आहे काय? असल्यास काटकोन कोठे आहे?
(३) ३/४ व ४/३ चढांच्या रेषा लंब आहेत असे एका मुलाने लिहिले. त्याची चूक समजावून सांगा.
(४) एका शेतात एकाच उंचीची ठिकाणे (१, ६) व (७, ४) येथे आहेत. बांधाच्या व पाण्याच्या दिशेचे नकाशावरील चढ सांगा.
(५) अ (२, १) व ब (६, ३) ही चौरसाची एक बाजू आहे. चौरस या बाजूच्या वरच्या अंगास असल्यास उरलेले दोन बिंदू शोधा.
(६) (०, ०), (५, ०), (८, ४), (३, ४) या चौकोनाचे कर्ण परस्परांस लंब आहेत हे दाखवा.
(७) (५, २) व (५, ९) यांना जोडणारी रेषा आणि (१, ४) व (८, ४) यांना जोडणारी रेषा लंब आहेत काय? येथे गुणाकाराचा नियम का लावता येत नाही?

उत्तरे: (१) २/३, −३/२. (२) होय, ब येथे, कारण चढ २/३ व −३/२. (३) अपूर्णांक उलटला, चिन्ह बदलले नाही. गुणाकार +१ येतो. (४) बांध −१/३, पाणी ३. (५) क (४, ७), ड (०, ५). (६) चढ १/२ व −२, गुणाकार −१. (७) लंब आहेत. पहिली रेषा उभी असल्याने तिला चढ नाही.

१२. शिक्षकांस सूचना

हा पाठ एका तासात संपविण्याचा आग्रह धरू नये. पहिला तास चढाच्या मापासाठी, दुसरा पुठ्ठ्याच्या प्रयोगासाठी, तिसरा उदाहरणांसाठी व चौथा पटांगणासाठी ठेवावा. सूत्र फळ्यावर लिहावयाचे ते दुसऱ्या तासाच्या अखेरीस आणि तेही मुलांच्या शब्दांत. ज्या मुलांच्या घरी बांधकाम किंवा शेतीचे काम चालू असेल, त्यांना घरच्या चौकटीचे, अंगणाचे किंवा बांधाचे माप आणावयास सांगावे. घरचे माप चुकलेले निघाल्यास त्या मुलाला वर्गात कमीपणा वाटणार नाही याची काळजी घ्यावी. चूक सापडली याचा अर्थ माप घेणे साधले, असे त्यास सांगावे.